खाडीच्या पाण्याचा आकडा खरा कधी मानावा?

प्रयोगशाळेतील दर्जा नियंत्रणाची ओळख : अंबरनाथचे लहान कारखानदार आणि विज्ञान शाखेचे होतकरू पदवीधर यांच्यासाठी

अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.त रंग, औषधे आणि रसायने बनविणारे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांना ठरावीक मुदतीने सांडपाण्याचा तपासणी अहवाल लागतो. अहवाल म्हणजे एका कागदावर पंधरा-वीस ओळी. कारखानदार शेवटचा रकाना पाहतो, सगळे आकडे मर्यादेत आहेत ना एवढी खात्री करतो आणि कागद फाईलला लावतो. आकडा आला कसा, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कापडाचा तागा घेताना आपण वार मोजून घेतो, मासळी घेताना कल्ला उचलून पाहतो. प्रयोगशाळेकडून आकडा विकत घेताना मात्र दिला तो घेतो. या लेखात त्या आकड्याचा कल्ला कसा उचलून पाहावा ते सांगावयाचे आहे. विशेषतः ज्या तपासण्यांत जिवंत प्राणी किंवा पाण्यातील सूक्ष्म जीव यांची मोजदाद होते, त्यांच्याबद्दल. कारण तेथे चूक होते तीही माणसाच्या हातून आणि सापडते तीही माणसाच्या डोळ्यांनाच.

अंबरनाथ समुद्रापासून दूर, मग येथे सागरी जीवशास्त्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. पाण्याची वाट पाहिली की उत्तर मिळते. वालधुनी नदी अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते, १०६० सालच्या शिवमंदिराजवळून जाते, उल्हासनगरच्या वस्तीतून वाहते आणि कल्याणला खाडीत उतरते. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूने निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत येते. कल्याणच्या सुमारास तिला भरतीचे पाणी भेटते. पुढे ठाण्याजवळ एक फाटा ठाणे खाडीकडे वळतो व मुख्य प्रवाह वसईला अरबी समुद्राला मिळतो. आपल्या कारखान्याचे पाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून जावो अथवा नाल्याने, शेवट खाडीतच आहे. त्या खाडीत बोय, कोळंबी, निवटी, चिंबोरी यांवर पोट भरणारी माणसे आहेत आणि ती मासळी खाणारे आपणही आहोत.

२९ नोव्हेंबर २०१४ रोजी पहाटे वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या काठावरील शेकडो रहिवाशांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल या भागातील नगरसंस्था व प्रक्रिया केंद्रे यांच्यावर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसविली. अशा प्रकरणांत शेवटी प्रश्न एकच उरतो : कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, पाण्यात काय होते? याला उत्तर फक्त प्रयोगशाळेचा आकडा देतो. तो कच्चा असेल तर प्रामाणिक कारखानदार विनाकारण अडकतो आणि पाणी बिघडविणारा सुटतो. दोन्ही बाजूंनी नुकसान आहे.

माशांची ९६ तासांची परीक्षा

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. पाणी नदीनाल्यात सोडायचे की समुद्रकिनारी, यावर काही आकडे बदलतात. बी.ओ.डी. नदीनाल्यासाठी लिटरला ३० मिलिग्रॅम, तर समुद्रकिनारी १००. फिनॉल नदीला १, समुद्राला ५. षट्‌संयुजी क्रोमियम नदीला ०.१, समुद्राला १. समुद्र मोठा म्हणून सवलत मोठी, असा हा हिशेब. पण एका ओळीत कोठेच सवलत नाही : काहीही न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर १०० पैकी ९० मासे जिवंत राहिले पाहिजेत. आपल्या संमतिपत्रातील अटी याहून कडक असू शकतात, तेव्हा ते पत्र आधी वाचावे. परंतु माशांची ही परीक्षा बहुतेक रासायनिक कारखान्यांच्या वाट्याला येते. तिची पद्धत भारतीय मानक ६५८२ मध्ये दिली आहे.

दिसायला परीक्षा सोपी आहे. टाकीत पाणी, पाण्यात दहा मासे, चार दिवस थांबायचे आणि मोजायचे. म्हणूनच ती सर्वांत जास्त बिघडते.

मासा मेला याचा अर्थ सांडपाण्यानेच मेला असा होत नाही. पाण्यातील प्राणवायू संपला तरी तो मरतो. बाजारातून आणलेला मासा आधीच आजारी असेल, पिशवीत गुदमरला असेल, नव्या पाण्याची सवय व्हायच्या आत टाकीत टाकला असेल, तरीही मरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो घालविण्यासाठी पाणी रात्रभर हवा सोडून ठेवावे लागते, किंवा त्यात थोडा सोडियम थायोसल्फेट टाकावा लागतो. जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणत तोच हा. हे केले नाही तर निव्वळ पिण्याच्या पाण्यानेही परीक्षा नापास होईल. उलट बाजूही आहे. सांडपाण्याचे पिंप दोन दिवस उघडे राहिले तर त्यातील उडून जाणारी द्रावणे निघून जातात आणि विषारी पाणी पास होते.

म्हणून प्रत्येक परीक्षेशेजारी एक जोडटाकी ठेवावी लागते. तीत स्वच्छ, क्लोरीन घालविलेले पाणी. मासे त्याच खेपेचे, तितकेच, तापमान तेच, हवा तशीच. या जोडटाकीत दहातला एखादा मासा मेला तर चालेल. त्याहून जास्त मेले तर सांडपाण्याच्या टाकीत काय झाले ते पाहूच नये. परीक्षा रद्द. ती पुन्हा करावी, आणि ग्राहक कितीही घाई करो, पहिल्या परीक्षेचा आकडा कागदावर चढवू नये.

याच तत्त्वाचे दुसरे उदाहरण अंबरनाथमध्येच आहे. अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्रात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत रसायन व धातुशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून तिचा आरंभ झाला. जहाजाच्या तळाला बार्नेकल, म्हणजे चुन्यासारख्या टणक कवचाचे जीव, चिकटतात. जहाज जड होते, इंधन जास्त लागते. ते चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगांवर तेथे काम चालते. अशा रंगाची परीक्षा घेताना रंगविलेल्या पत्र्याबरोबर एक बिनरंगाचा पत्राही समुद्रात सोडतात. काही महिन्यांनी दोन्ही वर काढून जीव मोजतात. बिनरंगाच्या पत्र्यावरच काही चिकटले नसेल तर रंगविलेला पत्रा स्वच्छ निघाला याला किंमत शून्य. त्या हंगामात तेथे चिकटणारे जीव नव्हते एवढाच त्याचा अर्थ. माशांच्या टाकीत जोडटाकीचे मासे जगावे लागतात, पत्र्याच्या परीक्षेत जोडपत्र्यावर जीव वाढावे लागतात. अहवालात जोडीचा निकाल दिसला नाही, तर परीक्षा अर्धीच झाली असे समजावे.

चांगल्या प्रयोगशाळा याहून एक पाऊल पुढे जातात. ठरावीक मुदतीने, समजा महिन्यातून एकदा, त्या माशांच्या खेपेवर पोटॅशियम डायक्रोमेटसारख्या माहितीच्या विषाची परीक्षा घेतात. निम्मे मासे मरण्यास किती विष लागते, तो आकडा वहीत लिहितात. दर महिन्याचा आकडा साधारण सारखा आला तर मासे आणि हात दोन्ही ठीक. एखाद्या महिन्यात निम्म्याच मात्रेने मासे मेले तर ती खेप अशक्त आहे. त्या महिन्याच्या सर्व अहवालांकडे संशयाने पाहावे.

आता थोडा हिशेब. टाकीत दहा मासे असतील तर एक मासा म्हणजे दहा टक्के. एक मेला तर पास, दोन मेले तर नापास. समजा पाणी खरोखर वाईट आहे, इतके की हजार मासे सोडले तर त्यात ८०० च जगतील. असे पाणी दहा माशांच्या परीक्षेत किती वेळा पास होईल? संभाव्यतेच्या गणिताने उत्तर येते : शंभरात सुमारे ३८ वेळा. तेच पाणी वीस माशांवर तपासले तर शंभरात सुमारे २१ वेळा. दुसरी टाकी भरण्याचा खर्च फार नाही, आणि फसगत जवळजवळ निम्म्यावर येते. कारखानदाराने स्वतःहून दोन टाक्यांची मागणी करावी हे उत्तम. त्याचे पाणी चांगले असेल तर त्याला त्यात भय नाही.

खाडीच्या बाबतीत मिठाचा प्रश्न वेगळा आहे. गोड्या पाण्यातील मासा खारट सांडपाण्यात टाकला तर तो मिठानेच मरेल, आणि दोष रसायनावर जाईल. खारटपणा आधी मोजावा, तो सोसणारी जात निवडावी आणि जोडटाकीतही तितकेच मीठ ठेवावे. सी.ओ.डी.च्या तपासणीतही मीठ असाच घोळ घालते. क्लोराइड जास्त असेल तर ते स्वतःच रसायन खाते आणि आकडा फुगतो. म्हणून त्यात मर्क्युरिक सल्फेट घालतात; पण लिटरला २००० मिलिग्रॅमपलीकडे क्लोराइड गेले की नेहमीची पद्धत भरवशाची राहत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असते. भरतीच्या वेळी घेतलेल्या खाडीच्या पाण्याचा सी.ओ.डी. छापणाऱ्या अहवालात क्लोराइडचा आकडा शेजारी नसेल तर तो अहवाल परत करावा.

मोजणाऱ्याची मोजणी

मासे मोठे, ते मोजता येतात. खाडीतील वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म हिरवे जीव, सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. बंदर, धक्का, सांडपाण्याची वाहिनी अशा कामांच्या पर्यावरण अहवालात ही मोजणी मागतात. पद्धत अशी : एक लिटर पाण्यात लुगॉलचे आयोडीन घालून जीव मारून टिकवायचे, बरणी दिवसभर स्थिर ठेवायची, तळाशी बसलेला भाग ठेवून वरचे पाणी हलकेच काढून घ्यायचे. समजा २० मिलिलिटर उरले. ते नीट ढवळून त्यातील एक मिलिलिटर सेजविक-राफ्टर नावाच्या काचेच्या खाचेत घ्यायचे. ही खाच ५० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि १ खोल असते, म्हणजे बरोबर एक मिलिलिटर. त्यात १५० पेशी मोजल्या तर लिटरला १५० गुणिले २०, म्हणजे ३००० पेशी.

अहवालात ३००० छापले जाते आणि वाचणाऱ्याला वाटते तेवढ्याच होत्या. वास्तविक मोजलेल्या नगांच्या वर्गमुळात चुकीची मर्यादा लपलेली असते. २ ला मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाने भागा आणि शंभराने गुणा; तेवढे टक्के आकडा इकडे-तिकडे होऊ शकतो. १५० पेशींसाठी हे सुमारे १६ टक्के येते. म्हणजे खरा आकडा साधारण २५०० ते ३५०० यांच्या दरम्यान. १०० पेशी मोजल्या तर २० टक्के, ४०० मोजल्या तर १० टक्के. कोणी २५ च पेशी मोजून अहवाल दिला असेल तर चूक ४० टक्क्यांपर्यंत. मागच्या वर्षी ३००० होत्या, यंदा २६०० झाल्या, खाडी बिघडली, असे कोणी सांगू लागला तर पेशी किती मोजल्या होत्या ते आधी विचारावे. हा हिशेब शाळेच्या गणिताचा आहे, तरी अहवालात तो क्वचितच दिसतो.

ढवळण्याचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. बरणी न ढवळता वरचा थेंब घेतला तर जड जीव तळाशीच राहतात. म्हणून तीच बरणी दुसऱ्या मोजणाऱ्याकडे, पहिल्याचा आकडा न सांगता द्यावी. दोघांचे आकडे गणिताने काढलेल्या मर्यादेत जुळले तर ठीक. न जुळल्यास तिसऱ्या दिवशी दोघांनी एकत्र बसून पाहावे. येथे कोण साहेब आणि कोण नवशिक्या हा प्रश्न नाही. पुष्कळदा नवशिक्याचे डोळे अधिक ताजे असतात.

चिखलातील जीवांचे काम आणखी कठीण. खाडीच्या तळाचा गाळ लोखंडी जबड्याने उचलतात, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात, उरलेले फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग घालतात, म्हणजे जीव तेवढे रंगून उठून दिसतात. मग एक माणूस चिमट्याने ते वेचतो. तांदळातले खडे वेचण्यासारखेच काम, फक्त खडे तांदळाच्या रंगाचे. संध्याकाळी चारच्या पुढे कोणाचेही डोळे चुकतात. म्हणून दर दहा नमुन्यांपैकी एकाचा वेचून टाकलेला गाळ जपून ठेवून दुसऱ्याने पुन्हा वेचावा. पहिल्याला ९४ जीव सापडले आणि टाकलेल्या गाळात आणखी ६ निघाले, तर त्याची वेचणी ९४ टक्के. प्रयोगशाळेने आपली किमान मर्यादा आधीच ठरवावी, समजा ९० किंवा ९५ टक्के. तिच्याखाली आला तर त्या दिवशीचे सगळे नमुने परत वेचायचे. मजूर लावून दिवस मोजणाऱ्या मालकाला हे जड जाते. पण हाच नियम मोडला की पुढचे सर्व आकडे हवेत राहतात.

वेचल्यानंतर नावे. खाडीच्या चिखलात केसाळ किड्यांच्या अनेक जाती असतात. त्यांना पॉलिकीट म्हणतात. त्यांतील कॅपिटेला हा किडा घाण फार साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही फोफावतो. तो भरपूर दिसला की ती जागा सडली असा अंदाज बांधतात. आता कोणी दुसऱ्याच एखाद्या किड्याला कॅपिटेला म्हटले, किंवा कॅपिटेलाला दुसरे नाव दिले, तर निष्कर्ष उलटा होतो. आकडा एकाचाही इकडचा तिकडे न होता अहवाल खोटा ठरतो. म्हणून ओळखलेल्या प्रत्येक जातीचे एक-दोन नग अल्कोहोलमध्ये, बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घालून, कायम ठेवावेत. शाईने लिहू नये, अल्कोहोलमध्ये ती उडते. वाद झाला तर बाटली जाणकारापुढे ठेवता येते. मुंबईत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे केंद्र आहे, वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. प्राण्यांच्या ओळखीसाठी देशात १९१६ पासून भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे. जाणकारांची वाण नाही. त्यांच्यापुढे ठेवायला बाटली मात्र हवी.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सागरी जीवशास्त्रीय तपासणीच्या दर्जासाठी एक राष्ट्रीय योजना सुरू झाली. तीत भाग घेणाऱ्या प्रयोगशाळांना सारखेच नमुने धाडतात, प्रत्येकीने आपापली नावे व आकडे कळवायचे आणि मग सर्वांची तुलना होते. आपल्याकडे परीक्षण व अंशांकन प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, ज्याला सर्वजण एन.ए.बी.एल. म्हणतात, तेही मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना अशा तुलनेत भाग घ्यायला लावते. तेव्हा ‘आमच्याकडे एन.ए.बी.एल. आहे’ एवढ्यावर थांबू नये. मान्यता सबंध प्रयोगशाळेला मिळत नाही, एकेका तपासणीला मिळते. मान्यतापत्राला जोडलेली यादी मागावी व आपली तपासणी तीत आहे का ते बघावे. पी.एच.ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला माशांच्या परीक्षेची असेलच असे नाही.

पाऱ्याचे उदाहरण

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. पारा गाळात बसतो, तेथून जीवांत जातो आणि मोठ्या माशांत साठत जातो. सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. इतक्या थोड्या गोष्टीचे मोजमाप करताना आपले हात, बाटली, आम्ल सगळेच संशयित असते. म्हणून प्रत्येक खेपेत चार जादा नमुने घालतात. पहिला कोरा : त्यात नमुना नाही, बाकी सर्व रसायने आहेत. त्यात पारा निघाला तर तो आपल्याच बाटलीचा. दुसरा जुळा : एकच नमुना दोनदा. तिसऱ्यात माहितीचा पारा मुद्दाम घालतात. समजा मासळीच्या नमुन्यात किलोला ०.३२ मिलिग्रॅम आढळला, त्यात ०.५० घातला आणि ०.७७ मिळाला. घातलेल्यातील ०.४५ परत आला, म्हणजे ९० टक्के. साठच टक्के परत आला असता तर पद्धत पारा गमावते आहे. चौथा प्रमाणित : माहितीच्या आकड्याची वाळलेली मासळीची पूड, जी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेसारख्या संस्था बनवून विकतात. ती महाग असते, पण चिमूटभरच लागते.

प्रमाणित पुडीचे आकडे रोज एका तक्त्यावर मांडतात. ही युक्ती वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकन अभियंत्याने १९२४ साली टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढली. वीस दिवसांचे आकडे घ्या. सरासरी ०.५० आणि प्रमाण विचलन ०.०२ आले असे समजा. मग ०.४६ ते ०.५४ हा सावधगिरीचा पट्टा आणि ०.४४ ते ०.५६ ही शेवटची हद्द. हद्दीबाहेर एक ठिपका गेला की काम थांबवायचे. आणि ठिपके हद्दीत असले तरी सात ओळीने सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी हळूहळू सरकते आहे : दिवा थकला, आम्लाची बाटली बदलली, नवा माणूस आला. कागद, पेन्सिल आणि रोज दोन मिनिटे, एवढाच खर्च. हा तक्ता भिंतीवर लावलेली प्रयोगशाळा दिसली तर तेथे नमुना द्यायला हरकत नाही.

अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांपासून सावध असावे. कायद्याची मर्यादा ०.०१ असेल आणि प्रयोगशाळेचे यंत्र ०.०२ च्या खाली पाहूच शकत नसेल, तर ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘आम्हाला दिसत नाही’ एवढाच. प्रत्येक ओळीपुढे पद्धतीची किमान पोच छापलेली असावी.

नमुना कोणाच्या हाती

उत्तम प्रयोगशाळाही वाईट नमुन्याचे भले करू शकत नाही. खाडीचा नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, हे लिहिलेले नसेल तर आकडा निरर्थक. त्याच जागी सहा तासांत समुद्राचे पाणी जाऊन गावाचे पाणी येते. पावसाळ्यात कल्याणची खाडी जवळजवळ गोडी होते, तेव्हा मे महिन्याची तुलना ऑगस्टशी करू नये. जंतूंच्या तपासणीचा नमुना बर्फात ठेवून सहा तासांत पोचला पाहिजे. नमुना घेणारा, नेणारा आणि स्वीकारणारा या तिघांच्या सह्या व वेळा एकाच कागदावर हव्यात. माशांची परीक्षा सोमवारी सुरू करावी, म्हणजे शुक्रवारी संपते. गुरुवारी सुरू केली तर रविवारी टाकी कोणी पाहिली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कारखानदाराला प्रयोगशाळेची परीक्षा स्वतःही घेता येते. एकच सांडपाणी दोन कॅनमध्ये भरा, दोन निराळे क्रमांक द्या आणि सोबत तिसऱ्या कॅनमध्ये साधे पिण्याचे पाणी पाठवा. जुळ्या कॅनचे आकडे ८४ आणि ९२ आले तर फरक सुमारे ९ टक्के, ठीक आहे. ५० आणि ९२ आले, किंवा पिण्याच्या पाण्यात बी.ओ.डी. ४० निघाला, तर प्रयोगशाळा बदला.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी नमुना घ्यायला येतो तेव्हा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याचे कलम २१ लक्षात ठेवावे. त्याने तेथेच नोटीस द्यावयाची असते. आपण मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग होतात, दोन्ही सीलबंद होऊन दोघांच्या सह्या होतात, एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत आणि दुसरा कायद्याने नेमलेल्या प्रयोगशाळेत जातो. मागणी न केल्यास एकच भाग होतो, आणि नंतर फेरतपासणीसाठी हाती काही उरत नाही. ही रीत पाळली नसेल तर तो निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. अनेक मालक त्या वेळी कारखान्यात नसतात. सुपरवायझरला हे कलम मराठीत लिहून देऊन ठेवावे आणि मागणी करण्याचा अधिकारही द्यावा.

होतकरूंसाठी

उल्हासनगर, कल्याण, भिवंडीच्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्या घेऊन निघणाऱ्या मुला-मुलींना शिक्षकी आणि औषधांची विक्री याखेरीज वाट दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जीव ओळखणारे आणि शांतपणे मोजणारे हात प्रयोगशाळांना हवे असतात. रसायनशास्त्राचे यंत्र विकत मिळते. पॉलिकीट ओळखणारा डोळा मात्र दोन-तीन वर्षांच्या बैठकीनेच तयार होतो. मुलींना हे काम घराजवळ करता येण्यासारखे आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात कारखान्यांची तपासणी संपणारी नाही.

स्वतःची लहान प्रयोगशाळा काढू इच्छिणाऱ्याने दर ठरवतानाच दर्जा नियंत्रण त्यात धरावे. वीस नमुन्यांच्या खेपेत एक कोरा, एक जुळा, एक घातलेला आणि एक प्रमाणित धरले तर चोवीस तपासण्या होतात, म्हणजे सहावा हिस्सा काम ज्याचे बिल कोणाच्याही नावाने फाडता येत नाही. हा खर्च वीस ग्राहकांत वाटून दरात घालावा आणि दरपत्रकात तसे स्पष्ट लिहावे. शेजारचा स्वस्तात करून देतो म्हणून ग्राहक जाईल, त्याला अडवू नये. शेजाऱ्याचा दर नेमका कोणत्या चार नमुन्यांनी कमी झाला आहे, तेवढे त्याला दाखवून द्यावे. मोजणीच्या वह्या, वेचलेल्या जीवांच्या बाटल्या आणि नियंत्रण तक्ते किमान पाच वर्षे जपावेत. प्रकरण लवादापुढे गेले तर तारीख पडायलाच वर्षे जातात, आणि त्या दिवशी वकील पहिल्यांदा वहीच मागतो.